पालकाचा लाल उजेड

गेल्या शनिवारी घरी, म्हणजे भिंगारला गेलो होतो. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत कंडक्टरला सांगताना तोंडातून अजून 'एक नगर' असंच येतं.) पोचलो तर स्वयंपाकघरात महाभारत चालू. आईने रात्रीच्या भाजीसाठी निवडून ठेवलेला पालक भाचीने खलबत्त्यात कुटला होता, त्यात मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट ओतलं होतं, आणि चहाच्या गाळणीत कापूस घालून ते सगळं गाळत बसली होती. शाळेचं विज्ञान प्रदर्शन! आई म्हणाली, "तूच बघ आता हिला. गाळणी नवीन आणून दे म्हणजे झालं."

गाळून जे निघालं ते अगदी सुंदर गडद हिरवं पाणी. मग तिने खिडकी लावली, दिवा घालवला आणि तिच्या बाबांच्या दुकानातला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्या पेल्यावर मारला. हिरवं पाणी लाल झालं. कुंकू कालवल्यासारखं लाल! टॉर्च बंद केला की पुन्हा हिरवं.

"मामा, हिरव्यात लाल कुठून आला?"

मी ऐटीत म्हणालो, "फ्लुओरेसन्स." ती म्हणाली, "हे तर नाव झालं." (हिला पुढे कोड रिव्ह्यूला बसवावं.) आणि मग तिने खरा गुगली टाकला. उरलेलं एक पालकाचं पान उचललं, त्यावर टॉर्च मारला, म्हणाली, "मग पान का लाल होत नाही?"

आम्ही शाळेत 'हरितद्रव्याच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात वनस्पती अन्न तयार करतात' हे वाक्य दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते वाक्य खरं आहे, पण 'साहाय्याने' म्हणजे नक्की काय हे त्यात कुठेच नाही. भाचीच्या प्रश्नात ते नेमकं सापडतं. रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला, आणि संध्याकाळी तो प्रश्न आमच्या घरातल्या एका जुन्या जखमेपाशी येऊन थांबला. ते शेवटी सांगतो.

हा लाल उजेड पहिल्यांदा नोंदवला स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने, १८३४ साली. त्याने पानांच्या हिरव्या अर्कातून उन्हाचा झोत सोडला आणि झोत लाल दिसला. त्याला वाटलं की आतल्या बारीक कणांवरून उजेड विखुरतोय. १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने दाखवलं की हा विखुरलेला उजेड नव्हेच. द्रव्य एका रंगाचा प्रकाश गिळतं आणि दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश परत टाकतं. फ्लुओरेसन्स हा शब्दही त्याचाच.

आजच्या भाषेत सांगायचं तर असं. क्लोरोफिलच्या रेणूने प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, गिळला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. निळा फोटॉन दमदार, तो दोन पायऱ्या चढवतो. लाल फोटॉन एकच. पण दुसऱ्या पायरीवर इलेक्ट्रॉन टिकतच नाही, लगेच पहिल्या पायरीवर घसरतो नि तेवढी जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे निळ्याने भरा की लालने, हातात राहतं ते लाल फोटॉनएवढंच. म्हणून टॉर्च जांभळा असला तरी परत येणारा उजेड लालच.

त्या पहिल्या पायरीवर इलेक्ट्रॉन थांबतो काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. तेवढ्या वेळात ऊर्जा कुणीतरी घेतली तर ठीक, नाहीतर ती वाया. पेल्यातल्या स्पिरिटमध्ये रेणू सुटे-सुटे तरंगतायत, घेणारं कुणी नाही. म्हणून गिळलेल्या शंभर फोटॉनपैकी तीसेक लाल होऊन बाहेर पडतात. पानात हाच आकडा एक-दोनवर येतो. याचा अर्थ पानात घेणारा कुणीतरी आहे आणि तो भयंकर चपळ आहे. तो कोण, हे शोधायला जवळपास शंभर वर्षं लागली.

मधली गोष्ट पटकन उरकतो. क्लोरोफिल हे नाव पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच जोडीने १८१८ च्या सुमारास दिलं. १८८० च्या दशकात जर्मनीत एंगेलमनने शेवाळाच्या धाग्यावर इंद्रधनुष्य पाडून ऑक्सिजनच्या मागे धावणारे जिवाणू सोडले. ते लाल आणि निळ्या पट्ट्यांत गर्दी करून बसले. (केवढं डोकं! मोजमापाचं यंत्र म्हणून जिवाणू.) हिरव्या पट्ट्यात फारसं कुणी नव्हतं, कारण पान हिरवा प्रकाश कमी गिळतं आणि म्हणूनच ते आपल्याला हिरवं दिसतं. विल्श्टेटरने क्लोरोफिल ए आणि बी शुद्ध करून अभ्यासले, त्यात मॅग्नेशियम आहे हे पक्कं केलं आणि १९१५ चं रसायनाचं नोबेल घेतलं.

खरा धक्का बसला तो १९३२ साली. कॅलिफोर्नियात पासाडेनाला रॉबर्ट एमर्सन आणि विल्यम आर्नल्ड हा त्याचा विद्यार्थी, असे दोघे क्लोरेला नावाच्या शेवाळावर प्रयोग करत होते. सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढे छोटे, पण डोळे दिपवणारे प्रकाशाचे झटके द्यायचे, मध्ये अंधार ठेवायचा आणि किती ऑक्सिजन सुटतो ते मोजायचं. कल्पना सोपी होती. झटका इतका जोरदार की प्रत्येक क्लोरोफिलला फोटॉन मिळालाच पाहिजे. मग जेवढी क्लोरोफिलं, साधारण त्या प्रमाणात ऑक्सिजन यायला हवा. उत्तर आलं, जवळजवळ २,५०० क्लोरोफिलमागे ऑक्सिजनचा एक रेणू!

कागदावर हे दिसल्यावर पहिल्यांदा कुणालाही वाटेल की मोजण्यात घोळ झाला. मलाही वाटलं असतं. पण घोळ नव्हता. गॅफ्रॉन आणि वोल यांनी १९३६ साली त्याचा अर्थ लावला की शेकडो क्लोरोफिलं नुसती झेलायचं काम करतात आणि झेललेलं सगळं एका ठिकाणी पोचवतात. ऑक्सिजनच्या एका रेणूला किमान आठ फोटॉन लागतात हे नंतर ठरलं, म्हणजे दर फोटॉनमागे तीनशेच्या आसपास क्लोरोफिलांची टोळी. टोळीतलं प्रत्यक्ष काम करणारं केंद्र एकच, बाकी सगळे झेलणारे. आमच्या धंद्यातल्यांना हे ओळखीचं वाटेल, शेकडो लिसनर आणि मागे एक वर्कर.

असं का, याचं उत्तरही हिशेबातच आहे. भर दुपारच्या उन्हातसुद्धा एका क्लोरोफिलच्या वाट्याला सेकंदाला दहाएक फोटॉन येतात. आपल्याला चटके बसतात त्या उन्हात! रेणूच्या मापाने तो दुष्काळच. मागचं यंत्र मात्र सेकंदाला शंभरावर फेऱ्या करू शकतं. प्रत्येक क्लोरोफिलमागे एकेक यंत्र ठेवलं असतं तर बहुतेक वेळ ते माशा मारत बसलं असतं.

पोचवण्याची रीत समजून घ्यायला नगरकराला निजामशाहीतले नळ आठवतील. शहराला आसपासच्या गावांतून मातीच्या नळांनी पाणी यायचं. पंप नव्हता, सगळा कारभार उतारावर. पानातही उतार आहे. पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यं सर्वांत वर, मग क्लोरोफिल बी, मग क्लोरोफिल ए, आणि तळाशी केंद्र. प्रत्येकाची पायरी जराशी खाली, त्यामुळे ऊर्जा वरून खाली सहज येते, उलटी चढणं कठीण. फरक एवढाच की इथे नळ नाहीत. उजेडही इकडून तिकडे जात नाही, शेजाऱ्याच्या थरथरीने शेजारी थरथरावा तशी ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारते. ती ओळीने न जाता भटकत जाते. पण उड्या इतक्या झपाट्याने होतात की नॅनोसेकंद संपायच्या आत ती केंद्रात पोचलेली असते. भाचीच्या स्पिरिटने ही सगळी मांडणी मोडली होती. रेणू तेच, शेजार गेला.

इथे किल्ल्याचा विषय काढल्याशिवाय भिंगारच्या माणसाला पुढे जाता येत नाही. एमर्सन आणि लुईस यांनी १९४३ साली एक कोडं प्रसिद्ध केलं. ६८० नॅनोमीटरच्या पलीकडचा गडद लाल प्रकाश क्लोरोफिल गिळतं, पण ऑक्सिजन मात्र जेमतेम देतं. त्याच वर्षांत हा एमर्सन अमेरिकेने कैदेत टाकलेल्या जपानी वंशाच्या लोकांच्या मदतीला धावला होता. कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या छावणीत तो कैद्यांबरोबर ग्वायुले नावाच्या झुडपापासून रबर काढण्याचे प्रयोग करत होता. आणि नेमक्या त्याच काळात, १९४२ ते ४५, आमच्या शेजारच्या किल्ल्यात पंडित नेहरू कैदेत होते, आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते, शिवाय आवारातली भरड जमीन खणून फुलझाडं लावत होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध शून्य. पण मला हे दोन वाफे एकदम दिसतात खरे.

एमर्सनने त्या कोड्याचा धागा १९५७ साली पुन्हा पकडला. गडद लाल प्रकाशाला जोडीला थोड्या आखूड लांबीचा प्रकाश दिला की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन येतो. म्हणजे पानात केंद्रं एका प्रकारची नाहीत, दोन प्रकारची आहेत आणि ती एकापुढे एक काम करतात. त्यांना आज फोटोसिस्टिम दोन आणि एक म्हणतात. (शोधाच्या क्रमाने आकडे, कामाच्या क्रमाने नाहीत, म्हणून दोन आधी. व्हर्जन नंबरचा घोळ सगळीकडे सारखाच.) १९५९ च्या फेब्रुवारीत एमर्सन न्यूयॉर्कजवळ विमान अपघातात गेला. त्याच्याकडे शिकायला अलाहाबादहून गेलेला तरुण विद्यार्थी, गोविंदजी, पुढे या विषयातलं जगभरचं मोठं नाव झाला.

आता आर्नल्डकडे येऊ, कारण तिथून रस्ता थेट मुंबईला येतो. १९५१ साली आर्नल्ड आणि स्ट्रेलर ओक रिजच्या प्रयोगशाळेत काजव्यांचा अर्क वापरत होते. हो, आमच्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकवतात तेच काजवे, अर्थात अमेरिकेतले भाऊबंद. काजव्याच्या अर्काला एटीपी मिळालं की तो चमकतो. तेव्हा पानात प्रकाशामुळे एटीपी तयार होतं का, हे त्याने पकडायचं. चमक मिळाली. पण गंमत बघा, काजव्याचा अर्क न घालताही मिळाली! प्रकाश बंद केल्यावर अंधारात पानाचा भाग स्वतःच मंद चमकत होता. डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, पण उपकरणाला दिसणारा.

झेललेला प्रकाश कुठेतरी साठला होता आणि हळूहळू परत झिरपत होता. १९५७ साली आर्नल्ड आणि हेलन शेरवुड यांनी वाळवलेली हरितलवकं प्रकाश दाखवून मग तापवली, तेव्हाही ती चमकली. थर्मोल्युमिनेसन्स म्हणजे तापवल्यावर येणारा उजेड.

तापवल्यावर उजेड देणारे स्फटिक ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला नवे नव्हते. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवरचा टीएलडी बॅज त्याच तत्त्वावर चालतो. किती किरण खाल्ले ते तापवून बघायचं. त्याच ट्रॉम्बेत विद्याधर गोविंद ताटके, टी. एस. देसाई आणि प्र. वि. साने यांनी स्फटिकाच्या जागी पालकाचं पान ठेवलं.

साने बर्कलेला रॉड्रिक पार्क यांच्या प्रयोगशाळेत काम करून आले होते. तिथे गुडचाइल्ड आणि पार्क यांच्यासह १९७० साली त्यांनी हरितलवकाच्या पापुद्र्यांचे तुकडे साबणासारखं कुठलंही रसायन न वापरता वेगळे करून दाखवले. निघालं असं की मोकळ्या पापुद्र्यांत नुसती फोटोसिस्टिम एक असते आणि दोन असते ती चवडीसारख्या रचलेल्या भागात. एकाच लवकात दोन वेगळी खाती, वेगळ्या जागी! हे काम आजही या विषयातलं पायाभूत काम मानलं जातं. ताटके भौतिकीचे, उपकरणं हाताने बनवणारे. त्यांच्याबद्दल २००६ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलेला स्मरणलेख साने आणि बाळ फोंडके यांनी लिहिला आहे. होय, तेच फोंडके, ज्यांच्या विज्ञानकथा वाचून आपल्यापैकी निम्मे लोक सायन्सला गेले.

प्रयोग असा. पान थंड करत द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, उणे १९६ अंशांकडे न्यायचं. त्याला प्रकाश द्यायचा. मग मिट्ट अंधारात, एका ठरावीक वेगाने तापवत आणायचं आणि बाहेर पडणारा लालसर उजेड मोजत राहायचं. उजेड एकसारखा येत नाही, ठरावीक तापमानांना उसळतो. पहिलं शिखर उणे दीडशेच्या आसपास, शेवटचं आपल्या खोलीच्या तापमानाच्याही वर. १९७५ साली पालक आणि युग्लिनावर त्यांचा निबंध आला. १९७७ आणि १९८१ च्या निबंधांत गोविंदजीही सहलेखक होते.

शिखरांचा अर्थ सांगतो, कारण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे पूर्ण होतं. केंद्रात ऊर्जा पोचली की केंद्रातलं क्लोरोफिल तिचा उजेड करत नाही. काही पिकोसेकंदांतच ते आपला इलेक्ट्रॉन शेजाऱ्याला देऊन टाकतं. शेजारी पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. मागे राहते रिकामी जागा, आणि ती भरायला शेवटी पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढला जातो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन म्हणजे त्या ओढाताणीचा उरलेला माल. इलेक्ट्रॉन जितका पुढे जातो तितका तो खोल खड्ड्यात सुरक्षित बसतो. पान गोठवलं की तो जिथे असेल तिथे अडकतो. तापवलं की उसळी मारून मागे येतो, रिकाम्या जागेत पडतो आणि तेव्हा साठलेली ऊर्जा पुन्हा लाल उजेड होते. खड्डा खोल असेल तर जास्त तापवावं लागतं. म्हणजे तापमानावरून खड्ड्याची खोली कळते. पानात हात न घालता!

पानाने पकडलेला प्रकाश म्हणजे वेगळे केलेले दोन भार, एकमेकांकडे परतायला टपलेले. तेवढंच. साखर वगैरे पुढच्या गोष्टी. आर्नल्ड, डीव्हॉल्ट आणि गोविंदजी यांनी १९८३ साली या शिखरांचं गणित मांडलं, तेव्हा आर्नल्डला त्या २,५०० च्या आकड्यापासून पन्नास वर्षं झाली होती.

या प्रयोगांत एक रसायन सतत वापरलं जातं, डीसीएमयू. इलेक्ट्रॉनची जी दुसरी विसाव्याची जागा आहे तिथे ते जाऊन बसतं. इलेक्ट्रॉन आधीच्या, उथळ खड्ड्यात अडकतो आणि शिखर कमी तापमानाला सरकतं. बाजारात याला डायुरॉन म्हणतात. तणनाशक आहे. त्याच जागेवर बसणारं दुसरं तणनाशक म्हणजे ॲट्राझिन.

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण आमच्याकडे १९९७ च्या उन्हाळ्यात जनावरांच्या मक्याला अण्णांनी ॲट्राझिन मारलं होतं. मका ते पचवतो, ऊसही. आठवड्याभराने त्याच पंपाने काकडीवर किडीचं औषध फवारलं. काकडी गेली. पानं कडेने पिवळी पडत, करपत, दहा-बारा दिवसांत अख्खा प्लॉट. अण्णांचं म्हणणं, बियाणं भेसळीचं. ते दुकानदाराशी भांडले, चारचौघांत नको ते बोलले, आणि त्या माणसाशी पुन्हा कधी बोलले नाहीत. तो आता हयात नाही.

ॲट्राझिन वेलाला उपाशी मारतं असं मला वाटायचं. तसं नाही. झेलणारी क्लोरोफिलं झेलतच राहतात, त्यांना थांबता येत नाही. पण पुढची वाट बंद. अडकलेल्या ऊर्जेपासून क्लोरोफिलची एक रेंगाळणारी अवस्था होते, ती ऑक्सिजनला चेतवते, आणि तो ऑक्सिजन भोवतालचे पापुद्रे जाळत सुटतो. कॅरोटिनॉइडं ही आग विझवायलाही असतात, पण तीही किती पुरणार. वेल त्याने स्वतःच पकडलेल्या उन्हात जळतो. अंधारात ठेवलं तर हे जळणं होत नाही.

रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसून भाचीला हे सांगत होतो. अण्णा पलीकडे पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता.

"बाभळीखालचे दोन-तीन वेल उशिरा गेले होते," ते एकदम म्हणाले. "मी म्हणायचो तिथं ओल राहते."

मी म्हणालो, इतक्या वर्षांनी नक्की काही सांगता येणार नाही. बियाणं खराब असतं तर मात्र बाभळीखालचंही तेच होतं.

"पंप विसळला होता मी."

"नुसत्या पाण्याने?"

बराच वेळ बोलले नाहीत. भाची पेल्यावर टॉर्च मारत होती, पेला लाल होत होता.

"आणि समजा त्या आठवड्यात ऊनच पडलं नसतं तर?"

"तर जगले असते थोडे दिवस जास्त."

"बाभळीखालच्यांसारखे."

"हो."